रँकिंगच्या आधी वातावरण बघा

प्रश्न : मुलगी एमएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे, पुढे पीएचडी करायची म्हणते. हुशार मूल कुठल्याही वातावरणात चमकतं, म्हणून चांगल्या रँकिंगची संस्था घ्यावी असं मला वाटतं. ती म्हणते, आधी तिथलं वातावरण बघू. कुणाचं ऐकावं? – एक वडील, सांगली

उत्तर : मुलीचं ऐका. नुसत्या हुशारीवर विज्ञान उभं राहत नाही.

1933 साली जर्मनीतलं गॉटिंगेन विद्यापीठ म्हणजे गणित आणि भौतिकशास्त्राची पंढरी होती. एप्रिलमध्ये हिटलरच्या सरकारनं कायदा केला आणि ज्यू प्राध्यापकांना काढायला सुरुवात झाली. भौतिकशास्त्रज्ञ मॅक्स बॉर्न गेले, गणितज्ञ एमी नोएथर गेल्या. भौतिकशास्त्रज्ञ जेम्स फ्रँक यांनी निषेध म्हणून राजीनामा दिला. इमारती, ग्रंथालयं जागच्या जागी राहिली. पंढरी मात्र उठली ती उठलीच. नोएथर यांना तर बाई म्हणून त्याआधीही तिथं कितीतरी वर्षं बिनपगारी शिकवावं लागलं होतं.

त्याच वर्षी मुंबई विद्यापीठात बीएस्सीला पहिली आलेली कमला भागवत ही मुलगी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत गेली. मुलगी आहे म्हणून संचालक सी. व्ही. रमण यांनी प्रवेश नाकारला. तिनं सत्याग्रहाची भाषा केली, तेव्हा अटी घालून घेतलं. पुढे 1939 मध्ये तिनं केंब्रिजची पीएचडी मिळवली. याच पुढे नावाजलेल्या जैवरसायनशास्त्रज्ञ कमला सोहोनी. मला मात्र राहून राहून वाटतं, तेव्हा ‘नाही’ ऐकून गुपचूप घरी परतलेल्या मुली किती असतील? त्यांची नावंही आपल्याला ठाऊक नाहीत. आणि याच रमण यांनी दोन वर्षांनी जर्मनीतून निघालेल्या बॉर्नना सन्मानानं बंगळूरला बोलावलं! दार कुणासाठी उघडायचं हे दाराशी उभा असलेला माणूस ठरवतो, म्हणून ते नीट बघायचं.

तिथल्या दोन-तीन विद्यार्थ्यांना, गाइड समोर नसताना, विचारायला सांगा. जेआरएफचे, म्हणजे पीएचडी करणाऱ्यांना मिळणाऱ्या शिष्यवृत्तीचे, 37,000 रुपये महिन्याच्या महिन्याला जमा होतात का, की सहा-सहा महिने थकतात? सेमिनारमध्ये ‘सर, हे आकडे जुळत नाहीत’ असं म्हणता येतं का? रात्री लॅबमधून हॉस्टेलवर परतायची सोय काय? पीएचडी अर्धवट सोडून किती गेले, त्यांत मुली किती?

अर्ज भरण्याआधी तिला दोन दिवस तिथं राहून येऊ द्या. सोबत गेलात तर तुम्ही कँटीनमध्ये थांबा. वडिलांसमोर मुलं मोकळेपणानं बोलत नाहीत.