'हॅरी पॉटर' चित्रपटांमधला पहिला डंबलडोर, म्हणजे जादूच्या शाळेचा मुख्याध्यापक, झालेला ब्रिटिश नट रिचर्ड हॅरिस. तो गायचाही, हे खरं का?

गायचा, पण ब्रिटिश नव्हे. आयर्लंडमधल्या लिमरिकचा, जन्म १९३०. तरुणपणी रग्बीचं वेड, ते क्षयाने सुटलं. मग लंडनला अभिनय शिकला आणि १९६३ मध्ये कान महोत्सवात सर्वोत्कृष्ट अभिनेता ठरला, तेही रग्बीपटूच्याच भूमिकेसाठी!

गाणं ऐकायचं तर १९६८चं 'मॅकआर्थर पार्क' ऐका. सात मिनिटांहून लांब, तरी अमेरिकेत दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं. पठ्ठ्या 'मॅकआर्थर्स' म्हणतो आणि रेकॉर्डवर तेच राहिलं. गळा तयारीचा नाही, पण जीव ओतून गायलाय.

दारू अफाट प्यायचा. १९८१ मध्ये सोडली. डंबलडोरला तर नकोच म्हणत होता. नातीने अबोला धरायची धमकी दिली तेव्हा कुठे तयार झाला. दोन चित्रपट केले आणि ऑक्टोबर २००२ मध्ये गेला. त्याच्या जागी आलेला मायकेल गॅम्बनही जन्माने आयरिशच, डब्लिनचा.