सरकारी नियंत्रण वाढत चाललंय असं वाटतं, तर नागरिकाने नेमकं करायचं काय?

तुम्ही विचारलंय की आधार, जमावबंदी, नवे सुरक्षा कायदे, भूसंपादन अशा सगळ्या बाजूंनी सरकार आयुष्यात शिरतंय, तर गप्प बसावं की रस्त्यावर उतरावं. या दोन्हींच्या मध्ये करण्यासारखं बरंच आहे आणि ते बहुतेक कागदावरचं, कंटाळवाणं काम आहे. जाच होतो तिथे पुष्कळदा लेखी आदेश नसतोच, नुसतं 'वरून सांगितलंय' असतं. म्हणून कुठेही अडवलं की आधी एवढंच विचारा: कोणता कायदा, कोणतं कलम, आदेशाची प्रत कुठे आहे?

प्रत्येक निर्बंध अन्यायाचा नसतो, हेही खरं. सर्वोच्च न्यायालयाच्या ९ न्यायाधीशांच्या पीठाने २०१७ मध्ये पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा मूलभूत हक्क ठरवला. त्या निकालातली कसोटी घरीही वापरता येते. निर्बंधाला कायद्याचा आधार आहे का? हेतू रास्त आहे का? आणि त्या हेतूसाठी एवढा निर्बंध खरंच लागतो का? तक्रार लिहिताना यातल्या कुठल्या प्रश्नावर सरकार नापास होतंय ते नेमकं सांगा. 'हुकूमशाही चालली आहे' या वाक्यावर कुठलाही अधिकारी कार्यवाही करू शकत नाही.

जमावबंदीचं घ्या. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७(३) खालचा आदेश राज्य सरकारच्या मंजुरीशिवाय १५ दिवसांपेक्षा जास्त चालत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ चा (जुनं १४४) आदेश लेखी असावा लागतो, त्यात कारणं द्यावी लागतात आणि तो साधारण २ महिनेच टिकतो. राज्य सरकार तो आणखी ६ महिन्यांपर्यंत वाढवू शकतं. अनुराधा भसीन खटल्यात जानेवारी २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की असे आदेश प्रसिद्ध केलेच पाहिजेत आणि ते सारखे सारखे काढत राहणं हा अधिकाराचा गैरवापर आहे. आदेश हातात आला की तारीख आणि अपवाद आधी वाचा. मुंबईतल्या ३७(३) च्या आदेशांत लग्न, अंत्ययात्रा, संस्थांच्या बैठका सहसा वगळलेल्या असतात, पण सभागृहाचा मालक आदेश न वाचताच घाबरून बुकिंग रद्द करतो. सभेची परवानगी नाकारली तर नकार लेखी मागा, कारण उच्च न्यायालयात त्याच कागदाला आव्हान द्यायचं असतं. आदेश मोडणं ही वेगळी गोष्ट. त्याने भारतीय न्याय संहितेच्या कलम २२३ चा गुन्हा लागू शकतो, तेव्हा तो निर्णय वकिलाशी बोलून घ्या.

माझ्या मते सगळ्यात वाया जाणारी संधी म्हणजे मसुद्यावर सरकार मागवतं त्या हरकती आणि सूचना. मुंबईच्या २०३४ च्या विकास आराखड्याचा पहिला मसुदा २०१५ मध्ये हरकतींच्या पुरामुळे सरकारला बाजूला ठेवावा लागला आणि नव्याने करावा लागला. महाराष्ट्राच्या जनसुरक्षा विधेयकावर विधिमंडळाच्या संयुक्त समितीकडे बारा हजारांहून अधिक सूचना गेल्या. तेव्हा मसुद्यातला 'व्यक्ती आणि संघटना' हा मोघम रोख बदलून तो कडव्या डाव्या किंवा तत्सम संघटनांवर आणला गेला. 'तत्सम' राहिलंच आणि जुलै २०२५ मध्ये विधिमंडळात विधेयक मंजूर झालं, म्हणजे पूर्ण यश नाही, पण शब्द हलले.

हरकत फुकट जाते ती मुदतीमुळे. प्रत्येक कायद्याची मुदत वेगळी असते. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात प्राथमिक अधिसूचनेनंतर ६० दिवस मिळतात, राष्ट्रीय महामार्ग कायद्यात फक्त २१. शेजारच्या गावाला दोन महिने मिळाले म्हणून आपल्यालाही मिळतील असं समजू नका, अधिसूचनेत कोणता कायदा लिहिलाय ते पाहा. दुसरी चूक म्हणजे एकाच मजकुराच्या शेकडो झेरॉक्स. त्या एकगठ्ठा निकाली निघतात. गट क्रमांक, आराखड्याच्या नकाशावरचा क्रमांक, कलम आणि 'हे वगळून असा शब्द घालावा' एवढं प्रत्येकाने आपापलं लिहावं. सुनावणी हवी असेल तर तेही लिहा. दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्या. कार्यालयाच्या टपाल विभागात 'साहेब नाहीत' म्हणाले तर पोचपावतीसह स्पीड पोस्टने पाठवा.

आदेश दाखवतच नाहीत तेव्हा माहितीचा अधिकार. महाराष्ट्रात जोडपत्र 'अ' मध्ये अर्ज करायचा, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा, विषय एकच आणि मजकूर १५० शब्दांच्या आत. ही शब्दमर्यादा बऱ्याच जणांना माहीत नसते आणि अर्ज तिथेच परत येतो. 'कॅमेरे का लावले?' असं विचारू नका. कायद्यात माहिती म्हणजे कार्यालयाकडे असलेला अभिलेख, त्यामुळे 'का' ला 'माहिती उपलब्ध नाही' असं उत्तर येतं. त्याऐवजी लिहा: 'अमुक चौकात कॅमेरे बसवण्याच्या मंजुरीचा आदेश, त्या नस्तीतील टिप्पणीसह सर्व पानं आणि चित्रीकरण किती दिवस ठेवायचं याबाबतचं परिपत्रक यांच्या प्रती द्याव्यात.' खरी कारणं टिप्पणीत, म्हणजे फाइलवर अधिकाऱ्यांनी लिहिलेल्या शेऱ्यांतच सापडतात. झेरॉक्सचे पानामागे २ रुपये. ३० दिवसांत उत्तर न आल्यास पुढची माहिती फुकट द्यावी लागते. प्रथम अपील ३० दिवसांत, त्याला २० रुपयांचा स्टॅम्प. दुसरं अपील ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे, पण तिथे प्रकरणं फार रेंगाळतात. म्हणून प्रथम अपिलाच्या सुनावणीला स्वतः जा, बरीच माहिती तिथेच सुटते.

आता एक नवी अडचण आहे. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने माहिती अधिकाराचं कलम ८(१)(जे) बदललं, त्यामुळे 'वैयक्तिक माहिती' म्हणून नकार देणं सोपं झालंय. कलम ८(२) मात्र शाबूत आहे. अपिलात त्याचा उल्लेख करून या माहितीतलं सार्वजनिक हित होणाऱ्या हानीपेक्षा मोठं कसं, ते दोन वाक्यांत मांडा.

आधारबद्दल थोडक्यात. २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालाने सरकारी अनुदान आणि पॅनसाठी आधार ग्राह्य धरलं, शाळाप्रवेशासाठी सक्तीचं नाही असं सांगितलं. प्रत द्यायचीच असेल तर मास्क्ड आधार द्या (शेवटचे ४ अंकच दिसतात) किंवा आधार क्रमांकाऐवजी १६ अंकी व्हर्च्युअल आयडी वापरा. बायोमेट्रिक लॉक करून ठेवा आणि प्रमाणीकरणाचा इतिहास (आधार कधी वापरलं गेलं त्याची नोंद) अधूनमधून पाहा.

पोलीस ठाण्यातून 'जरा येऊन जा' असा फोन आला तर साक्षीदार म्हणून बोलावण्यासाठी नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७९ खाली लेखी आदेश लागतो. स्त्रिया, १५ वर्षांखालचे मुलगे, साठीपुढचे पुरुष, अपंग आणि गंभीर आजारी यांना घर सोडून यायला भाग पाडता येत नाही. संशयित म्हणून हजर राहण्याची नोटीस वेगळी, त्याच संहितेच्या कलम ३५(३) ची. ती आली तर टाळू नका, हजर न राहणं हेच अटकेचं कारण होऊ शकतं.

वकिलाचा खर्च झेपत नसेल तर तालुका विधी सेवा समितीत अर्ज करा. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमाती, अपंग आणि कोठडीत असलेल्यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. हेल्पलाइन १५१००. जाताना आवक शिक्क्याच्या प्रती तारखेनुसार लावून न्या, वकील पहिल्यांदा तेच मागतो.