सरकारने तंत्रज्ञान संशोधनात घातलेला पैसा कामी आला की नाही, हे कसं ओळखायचं?

पेटंट आणि शोधनिबंध मोजून हे कळत नाही. मोजायला सोपे, म्हणून अहवालात ते आकडे आधी येतात, इतकंच. खरा प्रश्न असा: हा पैसा मिळाला नसता तर काय झालं असतं?

मला सगळ्यात पटणारी रीत म्हणजे अनुदानाच्या यादीतली कट-ऑफ रेषा. रेषेच्या जरा वरच्यांना पैसे मिळतात, जरा खालच्यांना नाही, आणि दोघांच्या दर्जात फरक नावापुरताच. मग काही वर्षांनी दोघं कुठे पोचले ते पाहायचं. अमेरिकेच्या ऊर्जा विभागाने छोट्या कंपन्यांना दिलेल्या अनुदानांचा असा अभ्यास झाला. पहिल्या टप्प्याचं छोटं अनुदान मिळालेल्यांना पुढे खासगी भांडवल मिळण्याची शक्यता जवळपास दुप्पट निघाली. दुसऱ्या टप्प्यात रक्कम कितीतरी मोठी, पण तसा परिणाम दिसला नाही. नुसती बेरीज करून हे कधीच हाती लागलं नसतं.

मूलभूत संशोधनाला मात्र ही फूटपट्टी अपुरी पडते. अमेरिकी सरकारच्या पैशातून उभ्या राहिलेल्या अर्पानेटवरून, म्हणजे इंटरनेटच्या पूर्वजावरून, २९ ऑक्टोबर १९६९ रोजी पहिला निरोप धाडला, तेव्हा 'लॉगिन'ची दोनच अक्षरं पोचली आणि यंत्रणा बंद पडली. त्या वर्षअखेरीस कुणी नफा-तोट्याचा हिशेब मागितला असता, तर काय दाखवणार होते?

आणि कळकळीची विनंती: नाकारलेल्या अर्जांची नोंद फेकू नका. तुलना करायची ती त्यांच्याशीच.