मुलगा फुटबॉलमध्ये स्टॉपर खेळतो. परदेशातल्या ट्रायलसाठी पैसे भरू का?

पत्र (थोडक्यात): मुलगा पंधरा वर्षे आठ महिन्यांचा, दहावीत आहे. शाळेकडून आणि पेठेतल्या तालमीच्या ज्युनिअर संघाकडून स्टॉपर, म्हणजे बचावफळीत मधोमध, खेळतो. उंची ५ फूट ७ इंच. प्रशिक्षक म्हणतात, पोरात दम आहे. एका एजंटाने पोर्तुगालमधल्या ट्रायलसाठी साडेचार लाख मागितले आहेत आणि पुढच्या महिन्यात भरायला सांगितले आहेत. घरचे म्हणतात, फुटबॉलमध्ये काय ठेवलंय, सायन्सला घाला. उंचीचीही काळजी वाटते. काय करावं? (एक पालक, कोल्हापूर)

नमस्कार,

साडेचार लाख भरू नका. हे सगळ्यात आधी सांगतो, कारण बाकीच्या प्रश्नांना वेळ आहे, याला नाही.

फिफाच्या नियमानुसार अठरा वर्षांखालच्या खेळाडूची दुसऱ्या देशातल्या क्लबकडे नोंदणी होत नाही. मोजके अपवाद आहेत, जसे आईवडील फुटबॉलशी संबंध नसलेल्या कारणाने त्या देशात राहायला गेले तर. तुमच्या घरात तसं काही नाही. म्हणजे मुलगा ट्रायलमध्ये कितीही चांगला खेळला, तरी तिथला क्लब त्याला आज करारबद्ध करू शकणार नाही. मग साडेचार लाखांत मिळणार काय? विमानप्रवास, दोन-तीन आठवड्यांचा सराव आणि एक प्रमाणपत्र, ज्याला इथल्या कोणत्याही निवड समितीत किंमत नाही. एजंट खरा आहे का, हेही तपासता येतं. परवानाधारक एजंटांची यादी फिफाच्या संकेतस्थळावर असते. अल्पवयीन खेळाडूशी बोलायलाही एजंटाला पालकांची लेखी संमती लागते, आणि खेळाडूचा व्यावसायिक करार होत नाही तोवर त्याच्याकडून शुल्क घेता येत नाही. जो आधी पैसे मागतो, त्याच्याशी पुढे बोलूच नये.

आता मुलाच्या खेळाबद्दल. बचावपटू उशिरा पिकतो. स्ट्रायकर सतराव्या वर्षी वेगावर गोल मारून नाव काढू शकतो, स्टॉपरला तसं जमत नाही. त्याचं निम्मं काम अंदाजाचं असतं आणि अंदाज सामने खेळूनच येतो. मुंबईच्या राहुल भेकेचं उदाहरण बघा. मुंबई एफसी, ईस्ट बंगाल असे क्लब करत तो बेंगळुरू एफसीत पोचला. मार्च २०१९ मध्ये आयएसएलच्या (इंडियन सुपर लीग) अंतिम सामन्यात एफसी गोवाविरुद्ध जादा वेळेत त्याच्याच हेडरने बेंगळुरूला विजेतेपद मिळालं. भारताकडून तो पहिला सामना खेळला जून २०१९ मध्ये, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी. २०२२ मध्ये मुंबई सिटीने एएफसी चॅम्पियन्स लीग या आशियाई क्लबांच्या स्पर्धेतला भारतीय क्लबचा पहिला विजय मिळवला, त्यातला विजयी गोलही त्याचाच. बचावपटूचा आलेख असा चढतो. तुमच्याच गावचा अनिकेत जाधव २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात खेळला, पण तो आघाडीच्या फळीत, गोल मारायच्या जागी खेळणारा. त्याच्या वयाशी मुलाची तुलना करू नका.

उंचीबद्दल सरळ बोलतो. ५ फूट ७ इंच ही या वयाला कमी नाही, आणखी वाढूही शकते. पण १८ व्या वर्षी ५ फूट ९ च्या आत राहिली, तर व्यावसायिक पातळीवर स्टॉपरची जागा मिळवणं कठीण जाईल. इटलीचा फाबियो कान्नावारो १.७६ मीटर (साधारण ५ फूट ९) उंचीवर २००६ मध्ये जगज्जेता कर्णधार झाला आणि त्याच वर्षीचा बॅलन डी'ऑर हा सर्वोत्तम फुटबॉलपटूचा पुरस्कार त्याने घेतला, पण उडी आणि वेळेचा अंदाज यांत तो असामान्य होता. त्याच्यावर हिशोब मांडता येत नाही. त्यात भारतातली एक खास अडचण आहे. आयएसएलमध्ये २०२१-२२ पासून एका वेळी चार परदेशी खेळाडू मैदानात उतरवता येतात, आणि बरेच क्लब त्यातला एक स्टॉपरच्या जागी वापरतात. दोन जागांतली एक तिथेच जाते. साइड बॅकच्या, म्हणजे बचावफळीतल्या उजव्या-डाव्या कडेच्या, दोन्ही जागा मात्र बहुतेक भारतीयांकडे असतात. म्हणून मुलाला आतापासून राइट बॅकही खेळू द्या. भेके दोन्हीकडे खेळतो, आणि अशा खेळाडूला प्रशिक्षक सहजासहजी सोडत नाही. डावा पाय चालत असेल तर आणखी उत्तम. चांगले लेफ्ट बॅक सगळीकडे कमी पडतात.

निवड करणारे नेमकं काय बघतात, हे पालकांना सहसा कळत नाही. गॅलरीतून टाळ्या मिळतात त्या घसरून केलेल्या टॅकलला आणि आभाळात मारलेल्या क्लिअरन्सला. जाणकार माणूस त्याच्या आधीचे दोन-तीन सेकंद बघतो. समोरचा विंगर, म्हणजे कडेने चढाई करणारा खेळाडू, बॉल घेऊन अंगावर येतोय. कच्चा स्टॉपर छाती सरळ त्याच्यासमोर करून, टाचांवर उभा राहतो आणि बॉल पायाजवळ आला की पाय घालतो. विंगर बॉल एका बाजूला ढकलतो, आणि आपला खेळाडू वळेपर्यंत चार मीटर मागे पडलेला असतो. पक्का स्टॉपर अंग तिरकं ठेवतो, गुडघे वाकवून, वजन पंजांवर घेऊन. अंतर दीड ते दोन मीटर. विंगरच्याच वेगाने मागे सरकत तो त्याला गोलपासून दूर, साइडलाइनकडे वळवतो. पाय घालतो तो विंगरचा एखादा स्पर्श लांब गेल्यावरच. टॅकल झालंच नाही आणि विंगरने कंटाळून बॉल मागे दिला, तरी बचाव जिंकला.

दुसरी गोष्ट ओळीची. प्रतिस्पर्ध्याने बॉल मागे पास केला की चारही बचावपटूंनी पाच-सहा मीटर पुढे यायचं. बॉल असलेल्या खेळाडूवर कुणाचा दाब नसेल आणि त्याने मान वर केली, तर पास सुटण्याआधीच मागे सरकायचं. एकाने उशीर केला की ऑफसाइडची रेषा मोडते आणि गोल बसतो. हे ओरडून सांगणारा स्टॉपर हवा असतो. तुमचा मुलगा मैदानात बोलतो का, हे पुढच्या सामन्यात मुद्दाम ऐका. गप्प बचावपटू ट्रायलमध्ये मागे पडतो.

ट्रायलसाठी व्हिडिओ मागितला तर टॅकलची जोडलेली चित्रफीत पाठवून भागत नाही. एक पूर्ण सामना द्या, उंचावरून घेतलेला, ज्यात संपूर्ण बचावफळी दिसेल. बॉल दुसऱ्या टोकाला असताना मुलगा कुठे उभा आहे, ते त्यांना बघायचं असतं.

सरावात सध्या तीन गोष्टींवर भर द्या. कमजोर पायाने २० मीटरचा पास, ३५-४० मीटरचा तिरका लांब पास, आणि एका पायावर उडी घेऊन हेडिंग. हेडिंग रोज शंभर वेळा नको, आठवड्यातून दोनदा थोडंच आणि मानेच्या व्यायामासकट. प्रत्येक सरावाआधी फिफाचा ‘११+’ हा वॉर्म-अप करायला लावा. साधारण वीस मिनिटांत पंधरा व्यायाम होतात, फारसं साहित्य लागत नाही. गुडघ्याच्या आणि मांडीच्या मागच्या स्नायूच्या दुखापती यामुळे कमी होतात. ही टाळाटाळ करण्याजोगी बाब नाही. २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये संदेश झिंगनच्या गुडघ्यातला लिगामेंट तुटला आणि त्याचा पूर्ण हंगाम गेला. भारताचा अव्वल बचावपटू असल्याने त्याला पुन्हा उभं राहायला आधार मिळाला. तालमीच्या संघातल्या पोराचं अशा वेळी शस्त्रक्रियेचं बिल घरच्यांवर येतं. म्हणून मुलाचा आरोग्यविमा आजच काढा आणि त्यात खेळातल्या दुखापती आहेत का, ते वाचून घ्या.

पुढची दोन वर्षं अशी आखा. यंदा सुब्रोतो कप ही शाळांची राष्ट्रीय स्पर्धा, १७ वर्षांखालील गट. शाळेकडून जिल्हा, विभाग, राज्य या पायऱ्यांनी वर जाता येतं. जोडीला केएसएच्या (कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन) नोंदणीतले सामने. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या केंद्रीय नोंदणी प्रणालीत नाव आणि जन्मतारीख बिनचूक आहे का, ते स्वतः बघा. वयात गडबड असेल तर मनगटाच्या एक्स-रेवरून, हाडांचं वय ठरवणाऱ्या टीडब्ल्यू३ पद्धतीने, पकडली जाते आणि बंदी येते. दहावीनंतर मुंबई, पुणे, गोव्यातल्या क्लबांच्या युवा संघांच्या खुल्या चाचण्या द्या. निवासी अकादमी बघताना चकचकीत मैदानाकडे लक्ष देऊ नका. वर्षाला स्पर्धात्मक सामने किती, फिजिओ पूर्णवेळ आहे का, आणि गेल्या तीन वर्षांत किती मुलं वरच्या संघात गेली, एवढं विचारा. उत्तर आढेवेढे घेत आलं तर परत या.

पैशांचं चित्रही समजून घ्या. उत्पन्न क्लबकडून येतं. देशाकडून खेळण्याने मान आणि करारात भाव वाढतो, पगार होत नाही. क्लबमध्येही हमी नाही. २०२५ मध्ये आयएसएलच्या व्यवस्थापनाचा तिढा सुटेना म्हणून हंगाम वेळेवर सुरूच झाला नाही आणि काही क्लबांनी खेळाडूंचे पगार थांबवले. करार झालाच, तर अठराच्या आत तीन वर्षांहून जास्त मुदतीवर सही करू नका. दोन महिन्यांचा पगार थकला तर लेखी नोटीस देऊन, पंधरा दिवसांची मुदत संपल्यावर करार मोडता येतो, हा फिफाचा नियम लक्षात ठेवा.

म्हणून शिक्षण सोडायचं नाही. फिजिओथेरपीत जायची इच्छा असेल तर सायन्स घ्या, त्याला ‘नीट’ ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते आणि सराव व अभ्यास दोन्ही जड जातात. तसं नसेल तर सकाळचं कॉमर्स किंवा आर्ट्स कॉलेज, म्हणजे संध्याकाळ मैदानाला मोकळी. राज्य सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. रेल्वे आणि सेनादलांचे संघ आहेत. त्यासाठी स्पर्धेची मूळ प्रमाणपत्रं लागतात. सुब्रोतो कपपासूनची प्रत्येक प्रत लॅमिनेट न करता फाइलमध्ये ठेवा, पडताळणीत मूळ कागद मागतात. अठरा पूर्ण झाल्यावर प्रशिक्षकांसाठीचा ‘डी लायसन्स’ अभ्यासक्रमही त्याला करता येईल.

एजंटाने पुन्हा गाठलंच, तर फोनवर काही कळवू नका. परवाना क्रमांक आणि क्लबचं ट्रायलचं अधिकृत निमंत्रण, दोन्ही लेखी मागा, आणि त्या क्लबला थेट ईमेल करून खात्री करा. पत्नीची आणि तुमची, दोघांची सही असल्याशिवाय कोणताही कागद मुलाच्या हातून जाऊ देऊ नका.