रिकाम्या मुठीवर तुझा विश्वास हवा

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

नाण्यांच्या जादूचे तुझे व्हिडिओ पुन्हा पुन्हा पाहिले. बोटांच्या पेरांवरून नाणं फिरवतेस ते सुरेख आहे. खालच्या तळहातातून नाणं उसळून वरच्या हातात जातं, ते तर भल्याभल्यांना जमत नाही. त्यापायी अंगठ्याच्या मुळाशी कातडी किती वेळा सोलवटली असेल, याची मला कल्पना आहे. व्हिडिओसोबत तू विचारलंस, ‘काका, हात महत्त्वाचा की सादरीकरण?’ निवांत लिहावं असा हा प्रश्न आहे, म्हणून फोन न करता पत्र लिहितोय.

आधी हाताबद्दल, कारण तिथे मी कुणालाच सूट देत नाही. ‘सादरीकरण हेच सगळं’ असं म्हणणारे बरेच भेटतील. त्यातल्या बहुतेकांना सराव टाळायचा असतो. बोलणं कितीही रंगलं, तरी बोटांच्या फटीतून नाण्याची कड चमकली की खेळ तिथेच संपतो. क्लासिक पाम, म्हणजे नाणं तळहाताच्या मधोमध दाबून लपवणं, तुला येतो, पण नाणं तळहातात धरलेला तुझा हात अजून अवघडलेला दिसतो. अंगठा ताठ, बोटं एकमेकांना चिकटलेली. काहीतरी लपवलंय हे लहान पोरालाही कळेल. नाणं पाम करून घरातली कामं कर. चहाचा कप उचल, वहीत लिही, ओढणी सारखी कर, दाराची कडी काढ. हातात नाणं आहे याचा तुलाच विसर पडला पाहिजे. फ्रान्सचे एकोणिसाव्या शतकातले जादूगार रॉबेर-उदँ तर चालता-बोलताना खिशात घातलेल्या हातांनीही सराव चालू ठेवायचे.

तुझे हात लहान आहेत ही काळजी सोडून दे. तू मागवलेला अमेरिकन हाफ डॉलर ३०.६ मिलिमीटरचा आहे, वजन ११.३४ ग्रॅम. आपला जुना राणीछाप चांदीचा रुपया आकाराने जवळपास तेवढाच, वजनाला बरोबर एक तोळा, म्हणजे ११.६६ ग्रॅम. नाण्यांच्या जादूची बरीचशी इंग्रजी पुस्तकं हाफ डॉलर डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेली आहेत, म्हणून त्यातल्या पकडी तुला ताणून घ्याव्या लागतात. आपलं दहाचं नाणं २७ मिलिमीटरचं आहे. तुझ्या हातात ते नीट बसेल आणि चार फुटांवरून स्पष्ट दिसेलही. शिवाय ते समोरच्याच्या पाकिटातून मागून घेता येतं. परदेशी चकचकीत नाणं काढलंस की त्यातच काहीतरी गोम असणार, असं लोक धरून चालतात. उसन्या दहाच्या नाण्यावर तो संशय येत नाही. माझं ऐकशील तर हाफ डॉलर काही महिने बाजूला ठेव.

आता जे सांगायला बसलो ते. उजव्या हातातलं नाणं डाव्या हातात दिल्यासारखं करायचं आणि उजव्यातच ठेवायचं, हा या कलेतला सगळ्यात जुना डाव. तुझी बोटं तो अगदी स्वच्छ करतात. तरीही व्हिडिओ हळू करून बघ. डावी मूठ मिटते आणि तुझी नजर क्षणभर उजव्या हाताकडे जाते. नाणं कुठे आहे हे डोळ्यांनी सांगून टाकलंस. मूठ मिटल्यावर लगेच घाईघाईने ती उघडतेसही, कारण तुला ठाऊक आहे की ती रिकामी आहे.

म्हणून असं कर. नाणं खरोखरच डाव्या हातात ठेव आणि शरीर काय करतंय ते पाहा. नाणं टेकतं तेव्हा डाव्या हाताची बोटं वजनाने किंचित खाली जातात. मूठ मिटायला लागते ती करंगळीकडून. डोळे नाण्यामागे जातात आणि मुठीवर थांबतात. काम झालेला उजवा हात सैल होऊन बाजूला येतो, त्याच्याकडे कुणी बघत नाही, तूही नाही. हे सगळं अंगवळणी पडेपर्यंत खऱ्या नाण्यानेच करत राहा आणि मगच खोटं कर. दोन्हींचे व्हिडिओ शेजारी ठेवलेस आणि फरक तुझा तुलाच ओळखता आला नाही, तर तो डाव आला म्हणायचं.

आता सांग, मुठीवर थांबलेली नजर हे तंत्र की अभिनय? तू हात आणि सादरीकरण वेगळं काढू पाहतेस, पण ऐन मोक्याच्या क्षणी ते वेगळं निघतच नाही. जादूगार म्हणजे जादूगाराची भूमिका करणारा नट, असं रॉबेर-उदँ म्हणून गेले. ते मूळचे घड्याळजी, यंत्राची बारीक कामं करणारे. असा माणूस अभिनयाला इतकं वरचं स्थान देतो, हे मला फार मोलाचं वाटतं.

सादरीकरण म्हणजे बडबड नव्हे, हेही ओघाने आलंच. न्यूयॉर्कचे जादूगार टोनी स्लायडिनी (१९००–१९९१) जन्माने इटालियन, वाढले अर्जेंटिनात. इंग्रजी काही त्यांची मातृभाषा नव्हती. ते टेबलाशी बसून समोरच्या माणसाला अंगाच्या हालचालीने खेळवायचे. पुढे झुकले की समोरचा सावध व्हायचा, रेलून बसले की त्याचंही अंग सैल पडायचं, आणि काम व्हायचं ते त्या सैल पडलेल्या क्षणात. डेव्हिड रॉथ (१९५२–२०२१) हे दुसरं उदाहरण. या काळात नाण्यांच्या जादूत त्यांच्याइतकं स्वच्छ काम क्वचितच कुणी केलं असेल. त्यांची चित्रणं मिळतील तेवढी बघ. हात कुठेही घाई करत नाहीत. अवघड काहीतरी घडलं असं वाटतच नाही, फक्त नाणी इकडून तिकडे गेलेली असतात. तुझ्या व्हिडिओत मात्र प्रत्येक हालचाल ‘बघा, किती अवघड आहे’ असं म्हणते. तानांची तयारी दाखवायला गाणारा गवई आणि राग मांडणारा गवई यांच्यातला फरक तुला घरातच कळलेला आहे, तोच इथे लाव.

टी. नेल्सन डाउन्स यांच्याबद्दल तू विचारलं होतंस. अमेरिकेतल्या आयोवाचा हा माणूस रेल्वेत तारबाबू होता आणि १८९९ साली लंडनच्या पॅलेस थिएटरात नाण्यांचा बादशहा म्हणून गाजला. एकाच हातात ढीगभर नाणी पाम करण्याची त्यांची तयारी बघून व्यावसायिक जादूगार थक्क व्हायचे. पण थिएटर भरायचं ते ‘कंजूषाच्या स्वप्ना’साठी. हवेत हात घातला की नाणं, ते टोपीत टाकलं की खण्ण आवाज, पुन्हा हवेत हात, पुन्हा नाणं. असा पैसा वेचता आला तर काय बहार, हे कुणाच्या मनात येत नाही? प्रेक्षक आपली इच्छा त्या खेळात बघत होता. पेरांवर फिरणाऱ्या नाण्याचं लोक कौतुक करतात, पण त्यात त्यांच्या मनातलं काही नसतं. तेवढ्यावर तुझा कार्यक्रम उभा राहणार नाही.

लांब कशाला जायचं? आपल्या रस्त्यावरचा मदारी वाटी-गोळ्यांचा खेळ करतो तो बघायला मिळाला तर अजिबात चुकवू नकोस. जमिनीवर फतकल मारलेली, टेबल नाही, पडदा नाही, तिन्ही-चारी बाजूंनी माणसं. तिकीट आधी विकलेलं नसतं, म्हणजे कंटाळलेला माणूस सरळ चालू लागतो. त्याचं बोलणं नीट ऐक. लोक हसतात तिथे त्यांच्या नजरा वर उठतात आणि नेमकी तेव्हाच वाटीच्या माथ्यावरची बोंडी त्याच्या बोटांत असते. त्याच्या बोलण्यातून वाक्य काढलंस तर डावही उघडा पडेल.

कॅमेरा तुला हे शिकवणार नाही. तो एका जागी असतो, हसत नाही, कंटाळत नाही आणि चुकलं तर पुन्हा घेऊ देतो. लग्नाच्या हॉलमध्ये डावीकडून मामा डोकावत असतात आणि समोर उभ्या मुलांचे डोळे तुझ्या हातांच्या खाली असतात. तू पाम लपवतेस तो मोठ्यांपासून, मुलांना तो खालून दिसतो. त्यांच्यासमोर हात खाली घे, नाहीतर तूच गुडघ्यावर बस.

आणि बोल मराठीत, घरी बोलतेस तसं. पहिल्या व्हिडिओतली इंग्रजी वाक्यं पाठ केलेली आहेत हे लगेच कळतं. आजीच्या हातात नाणं दे, मूठ घट्ट धरायला सांग आणि विचार, ‘आजी, गार लागतंय का गं?’ ती ‘हो’ म्हणेल. त्या होकारामुळे मुठीत काय आहे याबद्दल तिची स्वतःची खात्री पटते, मग पुढचं तिच्या मुठीत घडू दे. फक्त कुणाला खजील करून हशा मिळवू नकोस. मदत करायला पुढे आलेला माणूस तुझा पाहुणा असतो.

पुढच्या वेळी फोन स्टँडवर लावू नकोस, भावाच्या हातात दे आणि त्याला तुझ्या डाव्या खांद्यामागे उभा कर. समोर कुणीतरी खरं माणूस हवं, शेजारच्या काकू चालतील. एकच डाव, उसन्या दहाच्या नाण्याचा. मला तुझे हात कमी दिसले तरी चालतील, काकूंचा चेहरा पूर्ण दिसू दे. आणि डावी मूठ उघडण्याआधी मनात चार आकडे मोज.

तुझा,
काका