क्रियापद गिळू नकोस

प्रिय,
सप्रेम आशीर्वाद.

सोमवारच्या रिव्ह्यू मीटिंगमध्ये आकडे बरोबर असूनही तुझं बोलणं कुणाच्या कानावर पडत नाही, आणि मग उरलेला दिवस ‘आपल्याला हे जमतच नाही’ या विचारात जातो, असं तू लिहिलंस. वॉशरूमच्या आरशासमोर दोन मिनिटं कमरेवर हात ठेवून उभं राहिलं तर खरंच फरक पडतो का, हेही विचारलंस.

आधी ती दोन मिनिटं निकालात काढू. डेना कार्नी, एमी कडी आणि अँडी यॅप यांनी २०१० मध्ये ४२ जणांवर प्रयोग केला. असा ऐसपैस पवित्रा घेतला की वर्चस्वाशी जोडलं जाणारं टेस्टोस्टेरॉन हे हार्मोन वाढतं आणि ताणाशी जोडलेलं कॉर्टिसॉल उतरतं, असा त्यांचा निष्कर्ष होता. कडींच्या २०१२ च्या टेड व्याख्यानामुळे तो जगभर पोचला. २०१५ मध्ये त्याच धर्तीचा प्रयोग २०० जणांवर झाला, तेव्हा हार्मोन्समध्ये फरक सापडला नाही. आपल्या अंगी जरा जास्त ताकद आल्यासारखं लोकांना वाटलं, एवढंच. पुढच्याच वर्षी खुद्द कार्नींनी या परिणामावर आपला विश्वास उरला नसल्याचं जाहीर केलं. ‘संवादाचा ९३ टक्के भाग शब्दांविना होतो’ हे ट्रेनिंगमधलं लाडकं वाक्यही असंच. ते मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट मेहरेबियन यांच्या १९६७ च्या प्रयोगांवरून आलं, आणि ते प्रयोग सुटे शब्द आणि त्यातून कळणारी आवड-नावड यांच्यापुरते होते. तुझ्या तिमाही आकड्यांशी त्यांचा संबंध नाही.

एक प्रयोग मात्र लक्षात ठेवण्यासारखा आहे. २००९ मध्ये ब्रिन्योल, पेटी आणि वॅग्नर यांनी विद्यार्थ्यांना ताठ किंवा पोक काढून बसवलं आणि नोकरीच्या दृष्टीने स्वतःचे गुण किंवा दोष लिहायला सांगितले. ताठ बसलेल्यांनी आपण लिहिलेलं जास्त खरं मानलं. गुण लिहिले असतील तर गुण, दोष लिहिले असतील तर दोषही. म्हणजे ‘माझं काही खरं नाही’ असं घोकत ताठ बसलीस तर तेच पक्कं होणार. म्हणून मीटिंगला जाण्याआधी तीन वाक्यं कागदावर लिही: काय झालं, काय अडलंय, काय हवंय. ती तयार नसतील तर पाठीचा कणा काही कामाचा नाही.

आता मुद्द्यावर येते. मराठीत निर्णय वाक्याच्या शेवटी असतो. ‘टेस्टिंग शुक्रवारपर्यंत पूर्ण होईल’, ‘पूर्ण होणार नाही’, ‘पूर्ण होईल असं वाटतं’. तिन्ही वाक्यं ‘पूर्ण’पर्यंत सारखीच आहेत, पुढचे शब्द सगळं ठरवतात. घाबरलेल्या माणसाचा श्वास नेमका तिथेच संपतो. ‘टेस्टिंग शुक्रवारपर्यंत पूर्ण हो...’ आणि पुढचं पुटपुटणं. समोरचा विचारतो, ‘काय म्हणालीस?’ तुला वाटतं, आपण काहीतरी चुकीचं बोललो. दुसऱ्यांदा आवाज आणखी खाली जातो. तुझा आत्मविश्वास गळतो तो इथे, आणि म्हणूनच सगळी मेहनत त्या शेवटच्या शब्दापर्यंत श्वास पुरवण्यावर करायची.

श्वास का पुरत नाही? लॅपटॉपवर वाकून बसल्यावर बरगड्या पोटावर दबतात आणि खाली हवा भरायला जागा राहत नाही. त्यात कॉन्फरन्स रूमच्या खुर्च्या बहुधा उंच माणसाच्या मापाला लावलेल्या असतात. पाय अधांतरी राहिले की आपण नकळत खुर्चीच्या पुढच्या कडेला सरकतो आणि पोक येतं. त्यामुळे पाच मिनिटं आधी जा. सीटखालचा दांडा ओढून खुर्ची एवढी खाली घे की दोन्ही तळवे जमिनीला पूर्ण टेकतील. बूड खुर्चीच्या पाठीला टेकेपर्यंत मागे सरक. रोजच्या डेस्कवर खुर्ची खाली घेतल्यावर टेबल उंच पडत असेल, तर खुर्ची वरच ठेव आणि पायाखाली ए-फोर कागदाची न फोडलेली दोन रीम ठेव. एक रीम साधारण पाच सेंटिमीटरचं असतं. जागा टेबलालगतची घे. भिंतीकडेच्या रांगेतून बोलायला मान काढावी लागते, आणि मान पुढे गेली की आवाज घशात अडकतो.

‘दीर्घ श्वास घे’ हा सल्ला अर्धवट आहे. घाबरलेला माणूस छाती भरून श्वास घेतो आणि रोखून धरतो. खांदे कानाला लागतात, आवाज चिरका होतो. तू चार आकडे मोजत नाकाने घे, सहा मोजत सोड. असं सहा वेळा, मिनिटभर. श्वास सोडताना हृदयाचे ठोके जरा मंदावतात, म्हणून सोडणं लांबवायचं. तुझी पाळी आली की श्वास अर्धा सोड, थोडा घे आणि मग पहिला शब्द उच्चार. उभ्याने बोलायचं असेल तर पावलांत कमरेच्या रुंदीइतकं अंतर ठेव आणि गुडघे ताणून कुलूपबंद करू नकोस. बराच वेळ तसं उभं राहिलं तर चक्करही येते.

हात थरथरत असतील तर सुटा कागद धरू नकोस, त्याचं टोक थरथर दुप्पट करून दाखवतं. पुठ्ठ्याची वही धर. आयडी कार्डाची दोरी पिळायची सवय असेल तर कार्ड काढून टेबलावर ठेव. हाताची घडी घालू नये, याचा मात्र उगाच बाऊ झालाय. एसी अठरावर असेल तर सगळेच घडी घालतात.

नजरेबद्दल एक सांगते. मोठ्यांसमोर डोळे खाली ठेवणं हा आपल्याकडे संस्कार आहे, तो दोष समजू नकोस. साहेबांच्या डोळ्यांत रोखून पाहिलंस तर काही ठिकाणी ते उद्धट ठरेल. एक वाक्य एका माणसाकडे पाहून पूर्ण कर, क्रियापद होईपर्यंत नजर हलवू नकोस. मग खुशाल वहीत बघ. केबिनच्या दारात एक पाय आत, एक पाय बाहेर ठेवून ‘सर, जरा एक छोटंसं विचारायचं होतं’ असं म्हणू नकोस. दोन पावलं आत जा, थांब आणि सांग, ‘सर, सर्व्हरच्या मंजुरीबद्दल दोन मिनिटं हवी आहेत.’

व्हिडिओ कॉलवर लॅपटॉपखाली पुस्तकं ठेवून कॅमेरा डोळ्यांच्या उंचीला आण आणि स्क्रीनवर स्वतःचा चेहरा दिसणारा चौकोन लपव. स्वतःकडे बघत बोलणारा माणूस दर दहा सेकंदांनी केस सारखे करतो.

सराव असा कर. मीटिंगसाठी लिहिलेली तीच तीन वाक्यं बोलतानाचा व्हिडिओ मोबाइलवर रेकॉर्ड कर. आधी आवाज बंद करून बघ, मग फोन पालथा ठेवून फक्त ऐक आणि प्रत्येक वाक्याचा शेवटचा शब्द दुसऱ्या खोलीतल्या माणसाला कळला असता का ते तपास. सगळं एकदम बदलायला गेलीस तर मीटिंगमध्ये लक्ष आकड्यांवरून उडून स्वतःच्या कोपरांवर जाईल. पहिले दोन आठवडे फक्त खुर्ची आणि श्वास. हात तिसऱ्या आठवड्यात.

आणि साहेब चारचौघांत पाणउतारा करत असतील, तर तो प्रश्न तुझ्या खांद्यांचा नाही. त्यासाठी तारीखवार नोंद ठेव, त्याबद्दल वेगळं लिहीन.

पुढच्या सोमवारी खुर्ची कुठली मिळाली ते कळव.

तुझी,
ताई