तर्री, ब्रून आणि बिल : वाचकांच्या पत्रांना उत्तरे

या महिन्यात आलेल्या पत्रांत घरच्या स्वयंपाकाविषयीचे प्रश्न फारच थोडे होते. बहुतेकांना हॉटेलात, म्हणजे आपण मराठी माणसे ज्या अर्थाने हा शब्द वापरतो त्या अर्थाने चहा-फराळाच्या किंवा राइस प्लेटच्या ठिकाणी, काय मागवावे आणि किती पैसे द्यावेत हे विचारायचे होते. त्यांतील पाच पत्रे येथे घेतली आहेत.

प्रश्न : मी मूळचा नागपूरचा असून वर्षभरापूर्वी नोकरीनिमित्त पुण्यात आलो. सहकाऱ्यांनी मोठ्या कौतुकाने मला पेठेतल्या एका ठिकाणी मिसळ खाऊ घातली. ती गोडसर होती, तिच्यात पोहे होते आणि सोबत पावाऐवजी ब्रेडच्या स्लाइस आल्या. हिला मिसळ म्हणावे का? खरी मिसळ कोणती?
— एक वाचक, पुणे

उत्तर : गोडसरपणाबद्दलची आपली तक्रार समजू शकते, परंतु पोह्यांबद्दलची तक्रार नागपूरकराने करावी याचे नवल वाटले. पोह्यांवर हरभऱ्याची तर्री ओतून घेणाऱ्या शहरातून आपण आला आहात. पुण्याने त्याच पोह्यांवर मटकीची उसळ आणि शेव घातली, एवढाच काय तो फरक.

ज्या पदार्थाचे नावच मिसळण्यावरून पडले आहे, त्याची एकच खरी पाककृती शोधणे व्यर्थ आहे. मोड आलेल्या कडधान्याची उसळ, वर शेव किंवा फरसाण, चिरलेला कांदा, कोथिंबीर, लिंबाची फोड आणि पातळ रस्सा हा सर्वत्र समान असलेला सांगाडा आहे. त्यापुढे प्रत्येक गावाने आपल्या घरातला मसाला त्यात घातला. कोल्हापुरात कांदा-लसूण मसाल्याचा झणझणीत कट असतो. नाशिककडे काळ्या मसाल्याची चव येते, ताटलीत पापड आणि दही येते आणि अलीकडे तर द्राक्षांच्या मळ्यांत बसून मिसळ खाण्याची पद्धत पडली आहे. ठाण्याच्या मामलेदार मिसळीला शेजारच्या मामलेदार कचेरीचे नाव मिळाले आणि तिच्या तिखटपणाची कीर्ती कचेरीपेक्षा दूरवर गेली. पुण्यात नारायण पेठेतल्या बेडेकरांच्या मिसळीसारखी गोडसर चवीची एक परंपरा आहे. ती ब्राह्मणी आमटीच्या वळणाने जाते आणि आपल्याला बहुधा तीच, किंवा तिच्या कुळातली, मिसळ वाढली गेली असावी. दादरच्या आस्वादची मिसळ तर २०१५ साली लंडनमधल्या एका पुरस्कारात उत्तम शाकाहारी पदार्थ ठरली. त्यानंतर काही दिवस दादरकरांशी मिसळीवर वाद घालणे अवघड झाले होते.

ब्रेडचे म्हणाल, तर तो पुणेकरांचा चिक्कूपणा नव्हे. कोल्हापुरातही मिसळीबरोबर ब्रेडच्या जाड स्लाइस देण्याची रीत जुनी आहे आणि मला स्वतःला पातळ कटाबरोबर ब्रेडच अधिक पटतो, कारण तो रस्सा पटकन शोषून घेतो. पावाचा वरचा पापुद्रा मात्र रश्श्यात बुडवला तरी बराच वेळ कोरडाच राहतो. उसळ दाट असेल तेव्हा पावाला पर्याय नाही.

आपण विचारले नाही, पण नव्याने मिसळ खाणाऱ्या अनेकांना उपयोगी पडेल असे एक सांगून ठेवतो. मिरचीचा तिखटपणा ज्या द्रव्यामुळे असतो ते पाण्यात नव्हे, तर तेलात विरघळते आणि मिरचीचा रंगही तेलातच उतरतो. म्हणूनच रश्श्यावर तरंगणारा लाल तवंग, ज्याला आपल्याकडे तर्री आणि पंचगंगेकाठी कट म्हणतात, तो दिसायलाच नव्हे तर खरोखरच सर्वांत तिखट भाग असतो. ज्यांना तिखट सोसत नाही त्यांनी मिसळ परत पाठवू नये. वाढणाऱ्याला फक्त ‘वरचा कट कमी, खालचा रस्सा जास्त’ असे सांगावे. तोंड भाजलेच, तर पाणी पिऊन काही उपयोग होत नाही. दही, ताक किंवा दूध घ्यावे, कारण दुधातली प्रथिने ते द्रव्य धरून बाजूला नेतात. नाशिकवाल्यांनी ताटलीत दह्याची वाटी उगीच ठेवलेली नाही.

पुण्यात जादा रश्श्याला ‘सँपल’ म्हणतात, हेही लक्षात असू द्यावे. काही ठिकाणी ते मागाल तितके मिळते, काही ठिकाणी दुसऱ्या वाटीला पैसे पडतात आणि काही ठिकाणी ते मिळणार नाही अशी पाटी समोरच असते. पाटी असेल तर मागू नये. पुण्यातल्या पाट्या शोभेसाठी लावलेल्या नसतात.

प्रश्न : माझी भाची परदेशातून येणार आहे आणि तिला मुंबईतल्या जुन्या इराणी कॅफेत जायचे आहे. मी मुंबईत राहूनही तिथे कधी गेले नाही. तिथे काय मागवायचे असते? आणि तिथला चहा आपल्या चहापेक्षा वेगळा का लागतो?
— एक वाचिका, गोरेगाव

उत्तर : धोबी तलावावरचे कयानी १९०४ सालचे आहे आणि बॅलार्ड इस्टेटमधले ब्रिटानिया १९२३ सालचे; या दोहोंपैकी कोठेही गेलात तरी भाचीचे समाधान होईल, मात्र दोन्हींचे स्वभाव वेगळे आहेत. कयानी हे चहा, ऑम्लेट, खिमा पाव आणि बेकरीच्या पदार्थांचे ठिकाण आहे. ब्रिटानियात दुपारचे जेवण करावे आणि तेथील बेरी पुलाव चाखावा, ज्यात इराणातली ‘झेरेश्क’ नावाची आंबट, लाल, सुकवलेली फळे घातलेली असतात. पुण्यात असता, तर डेक्कनवरचे १९३५ सालचे गुडलक सुचवले असते.

हे इराणी म्हणजे आपले पारशी नव्हेत, हा गोंधळ अनेकांचा होतो. धर्म एकच असला तरी पारशी कित्येक शतके आधी गुजरातच्या किनाऱ्यावर उतरले, तर कॅफेवाले इराणी प्रामुख्याने यझ्द आणि केरमान या भागांतून एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि विसाव्याच्या आरंभी आले. मोक्याच्या कोपऱ्यावरची दुकाने त्यांच्या वाट्याला आली, कारण तेथील हिंदू व्यापारी कोपऱ्याची जागा अशुभ मानत असत, असे सांगितले जाते. समजूत खरी असो वा नसो, दोन रस्त्यांना उघडी असलेली ती जागा कॅफेला फार मानवली. संगमरवरी पृष्ठभागाची टेबले, वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या, भिंतीवरचे आरसे आणि गल्ल्याजवळच्या बरण्यांतील खारी-नानखटाई भाचीला दाखवावी. त्यासाठी मुद्दाम पैसे पडत नाहीत.

आता चहा. घरी आपण पाणी, दूध, साखर आणि भुकटी एकत्र उकळतो. पुण्याच्या अमृततुल्यात तर हेच काम कलेच्या पातळीवर गेले असून वेलची, आले आणि साखर घालून चहा समोरच उकळतो आणि फडक्यातून गाळला जातो. इराणी पद्धतीत चहाचा अर्क वेगळा आणि आटवलेले दूध वेगळे ठेवतात आणि कपात ओतताना दोहोंची भेट घडवतात. त्यामुळे दुधाला उकळलेल्या चहाचा तुरटपणा लागत नाही आणि चव दाट, गोड, सायीच्या वळणाची होते. ‘पानी कम’ असे सांगितले तर दूध अधिक आणि चहा कडक मिळतो. अर्धा चहा आणि अर्धी कॉफी अशी ‘मारामारी’ काही ठिकाणी मिळते. मला ती कधी आवडली नाही, पण आवडणारे पुष्कळ आहेत.

पहिल्यांदा जाणाऱ्याची चूक बन आणि ब्रून यांत होते. बन मऊ, किंचित गोड असतो आणि लोणी लावून तसाच खाता येतो. ब्रूनचे कवच कडक असते, तो चहात बुडवायचाच असतो. कोरडा खाल्ला तर टाळू सोलवटते. भाचीला ब्रून मस्का द्यावा आणि बुडवून खाण्याची लाज बाळगू नये असे आधीच सांगून ठेवावे. मावा केक खायचा असेल तर सकाळी लवकर जावे, कारण उशिरा गेलेल्याला रिकामे तबक पाहावे लागते.

प्रश्न : आमच्या कुटुंबाने एका रेस्टॉरंटमध्ये जेवण केले. बिलात दोन प्रकारचा कर आणि वर दहा टक्के सेवा शुल्क लावले होते. ते काढायला सांगितल्यावर व्यवस्थापक म्हणाला की हा आमचा नियम आहे. आम्ही वाद नको म्हणून पैसे दिले. आमचे चुकले का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : आपले चुकले नाही, व्यवस्थापकाचे चुकले. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी काढलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार सेवा शुल्क बिलात आपोआप लावता येत नाही आणि ते देण्याची सक्ती करता येत नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने २८ मार्च २०२५ रोजी या सूचना योग्य ठरवल्या. पुढच्या वेळी ते काढण्यास शांतपणे सांगावे आणि नकार मिळाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. बिल जपून ठेवावे, कारण तक्रारीचा पुरावा तेच असते.

दोन कर मात्र बरोबर आहेत. साध्या रेस्टॉरंटमध्ये वस्तू आणि सेवा कर एकूण ५ टक्के असतो, आणि त्याचे केंद्राचा अडीच व राज्याचा अडीच असे दोन भाग बिलावर दिसतात. तो लावला असेल तर बिलावर पंधरा अक्षरांचा नोंदणी क्रमांक असला पाहिजे, आणि महाराष्ट्रातल्या व्यवसायाचा तो क्रमांक २७ ने सुरू होतो. ज्या छोट्या हॉटेलवाल्यांनी करासाठी ‘कंपोझिशन’ची, म्हणजे उलाढालीवर ठरावीक दराने कर स्वतः भरण्याची, सवलत घेतलेली असते, त्यांना ग्राहकाकडून वेगळा कर घेता येत नाही. त्यामुळे क्रमांकाशिवाय कर दिसला तर तो का, हे अवश्य विचारावे. बक्षिसी हा वेगळा विषय आहे. ती वाढणाऱ्याच्या हातात द्यावी, बिलाच्या पाकिटात घालून मालकाच्या दयेवर सोडू नये.

प्रश्न : हॉटेलातला साबुदाणा वडा उपवासाला चालतो का?
— एक वाचिका, सातारा

उत्तर : बटाटेवड्याच्या कढईतच तळलेला असेल तर कडक उपवास करणाऱ्याने खाऊ नये, आणि हे विचारल्याशिवाय कळत नाही. चतुर्थी-एकादशीला कित्येक ठिकाणी वेगळी कढई ठेवतात. बाकी, साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो, शेंगदाणा, बटाटा आणि हिरवी मिरची हे सारेच अमेरिका खंडातून आपल्याकडे आले, तेव्हा शास्त्राच्या आधाराचा आग्रह फार धरू नये. वड्यासोबत पीयूष मिळत असेल तर ते मात्र सोडू नये.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका आहे. यजमानांच्या निधनानंतर एकटीपुरता स्वयंपाक करावासा वाटत नाही. घराजवळ एक चांगले भोजनालय आहे, पण दारात ‘किती जण?’ असे विचारले गेले आणि मी उत्तर न देता परत आले. एकट्या बाईने अशा ठिकाणी जेवणे विचित्र दिसते का?
— एक वाचिका, डोंबिवली

उत्तर : विचित्र दिसत नाही, पण आपल्याला तसे का वाटले हे मला कळते. आपल्या पिढीने हॉटेलांतली ‘फॅमिली रूम’ पाहिली आहे, जिथे पडद्याआड बसवले जाई आणि तिथेही बाईसोबत कुटुंब असावे असे गृहीत धरले जाई. खानावळ ही तर गाव सोडून आलेल्या पुरुषांचीच मानली गेली. गंमत अशी, की मुंबईच्या गिरणगावात गिरणी कामगारांना जेवू घालणाऱ्या बहुतेक बायकाच होत्या. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळाच्या रूपाने ज्यांना एकत्र आणले, त्या याच खानावळवाल्या. बाईने वाढणे कोणाला विचित्र वाटले नाही, तेव्हा बाईने बसून जेवणे विचित्र वाटू देण्याचे कारण नाही.

‘किती जण?’ हा प्रश्न चौकशीचा नसतो, टेबलाचा असतो. ‘एकच’ असे स्पष्ट सांगावे. पहिले काही दिवस बाराच्या सुमारास, गर्दीच्या आधी जावे, म्हणजे हवी ती जागा मिळते आणि वाढणाऱ्या मुलांशी ओळख होते. आठवडाभरात ती मुले आपणहून भात कमी आणि भाजी जास्त आणू लागतील. गर्दीत गेलात तर दुसऱ्यांच्या टेबलावर बसवले जाईल. माटुंग्याच्या १९४२ सालच्या रामा नायकांच्या उडुपी बोर्डिंगमध्ये अनोळखी माणसे शेजारी शेजारी बसून केळीच्या पानावर जेवतात आणि त्यात कोणाला काही वाटत नाही. अमर्यादित थाळी एकट्या माणसाला बहुधा परवडत नाही, पैशाने नव्हे तर पोटाने. मर्यादित थाळी मागवावी आणि गोड पदार्थ हवा असल्यास वेगळा घ्यावा.

संकोच लपवण्यासाठी हातात पुस्तक घेऊन बसू नये. वाढणारा आपल्याला काही नको आहे असे समजून पुढे जातो आणि आमटीचे डाग पुस्तकावर पडतात ते वेगळेच. आणि सोलकढी मिळत असेल तर ती भाताबरोबर आणायला सांगावी. सुरुवातीलाच आली, तर भात येईपर्यंत वाटी रिकामी झालेली असते.